पाखराचा सुधारलेला फोटो

मला माणसांचे फोटो काढता येत नाहीत. कॅमेरा चालवता येतो, पण फोटो काढायचा तर समोरच्याला सांगावं लागतं, मान वर करा, इकडे बघा, जरा हसा. ते माझ्याच्यानं होत नाही. एकदा हे बाहेर गेले असताना एक माणूस पासपोर्ट फोटोसाठी स्टुडिओत आला. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि कॅमेऱ्यात बघत उभी राहिले. तो कधी नीट बघतो याची मी वाट बघत होते आणि मी कधी काही सांगते याची तो. बराच वेळ असाच गेला. शेवटी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बेन, पछी आवुं?" म्हणजे नंतर येऊ का. मी मान हलवली. तो उठून गेला आणि नंतर काही आला नाही.

आमचा स्टुडिओ सुरतेत, लिंबायतमध्ये होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, मागे डोंगर आणि तळं रंगवलेला पडदा आणि दोन दिवे. यांनी खानदेशातून येऊन काही वर्षं कापड विणायच्या लूमवर काढली होती, मग एका फोटोग्राफरच्या हाताखाली शिकून हे सुरू केलं. गाळ्यावर फोटो हे काढायचे आणि घरी बसून ते सुधारायची मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण या कामाला अक्षर लागत नाही. एक लाकडी घोडी, तिच्यावर दुधी काच, काचेखाली बल्ब. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर काम करायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथे काळं असेल ते कागदावर पांढरं उमटतं. म्हणजे एखाद्या मुलीला गोरी करायची तर तिच्या तोंडाला पेन्सिलीनं काळं फासावं लागतं. लिंबायतमधल्या किती मुलींच्या तोंडाला मी काळं फासलं आणि त्यांची लग्नं जमली, ते देवाला माहीत.

लोकांचीही तीच मागणी असायची. "बेन, मोढुं जरा गोरुं करजो," असं गुजराती बायका सांगायच्या, आणि आपल्याकडच्या बायका सांगायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. देवीचे व्रण काढायचे, गाल भरायचे, दोन्ही डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायचा म्हणजे नजरेत जीव येतो. नवागामची एक बाई आली होती. नवरा वारला होता आणि त्याचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला. त्यातही त्यानं नेमके डोळे मिटलेले. भिंतीवर लावायला असा फोटो चालत नाही, म्हणून मी त्याचे डोळे उघडले. बाईनं तो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाली, "यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नाही. पण राहू द्या आता."

तर असं हे काम. त्यात मी फोटो काढायला लागले ते रोल संपवण्यासाठी.

पासपोर्टच्या रोलचं असं असतं की गिऱ्हाईक घाईत असतं आणि रोल संपलेला नसतो. अर्धा रोल धुवायला काढला तर पुढचा वाया जातो. मग हे दुपारी जेवायला येताना कॅमेरा घरी आणायचे आणि म्हणायचे, "एवढा रोल संपव. काहीही काढ." आमचा कॅमेरा जुना, दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून आत बघायचा. माझ्यासारखीला तो फार सोयीचा होता. मान खाली घालून जगाकडे बघता येणारा दुसरा कॅमेरा मी पाहिलेला नाही. सुरुवातीला मी भिंत काढली, माठ काढला, चपला काढल्या. हे ते फोटो बघून म्हणायचे, "चप्पल छान आली आहे. जोडीदार सापडेल तिला." मग गॅलरीत पाखरं आली.

ही गोष्ट प्लेगच्या पळापळीच्या आदल्या वर्षाची. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला तार बांधलेली होती. तिच्या एका टोकाला उन्हाळा लागता लागता अंगठ्याएवढ्या एका पाखरानं घरटं लटकवायला सुरुवात केली. त्याला शिंजीर म्हणतात हे मला नंतर कळलं, तेव्हा ते माझ्यासाठी नुसतं पाखरू होतं. चोच बारीक, जरा वाकलेली. रंग मातकट, पोटाशी पिवळसर, लक्ष जाऊ नये असा. दिवसभर तीच काम करायची. कोळ्याची जाळी आणायची, लूमच्या कारखान्यांतून उडालेले धागे आणायची, कुठून तरी जरीचा तुकडा आणायची. मी फोटोच्या कडा कापायची त्याच्या बारीक पांढऱ्या पट्ट्या गॅलरीत पडायच्या, त्याही तिनं उचलून घरट्यात विणल्या. आणि तिचा नवरा समोरच्या विजेच्या तारेवर बसून गायचा. तो काळाभोर, पण ऊन पडलं की निळा-जांभळा झगमगायचा. लूमच्या एवढ्या खटखटीत, जिथे माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे त्याचं गाणं मात्र स्पष्ट ऐकू यायचं.

शेजारी एक मावशी राहायच्या. आमच्याच धुळ्याकडच्या, साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायच्या आणि तोंडानं कोणाला ऐकायच्या नाहीत. त्या टिकल्या लावता लावता त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हाऊ ते आमना घरना बुवानामायक शे. काम काही नई, नुसतं गानं." त्यांचे यजमान आतच झोपलेले होते. त्यांना ऐकू जावं अशाच आवाजात त्या म्हणाल्या.

मला वाटलं, हिचा फोटो काढावा. माणसाला सांगावं लागतं, हिला काही सांगायची सोय नव्हती. ते मला बरंच वाटलं.

पण ती माझ्याहूनही बुजरी निघाली. मी दारात आले की उडायची. मग मी खाट उभी करून तिच्यावर गोधडी टाकली आणि गोधडीच्या भोकातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढून मागे बसले. चाळीतल्या बायकांना वाटलं, मला विटाळ आहे आणि यांनी आडोसा केला आहे. मी काही सांगितलं नाही. तारेवर माझा एक परकर वाळत होता. तो फोटोत यायला नको म्हणून मी काढून घेतला. पाखरू आलंच नाही. समोरून बघून परत जायचं. दुसऱ्या दिवशी परकर जागेवर घातला, तर आलं. मग माझ्या लक्षात आलं की तो परकर रोज तिथेच असायचा. घरटं सुरू झालं तेव्हाही होता. तिला तो भिंतीसारखा वाटत असणार. परकर नाही म्हणजे काहीतरी दगा आहे. त्यानंतर मी तो वाळला तरी काढायची नाही. एकच तर बरा परकर होता, पण अर्धा उन्हाळा तो तिच्या कामात राहिला.

उरल्यासुरल्या फोटोंत मी तिचे पुष्कळ फोटो काढले. बहुतेक हलले. रोल धुतला की पासपोर्टच्या गंभीर चेहऱ्यांच्या शेवटी मध्येच एखादी शेपटी, एखादं रिकामं घरटं निघायचं. एक मात्र चांगला आला. घरट्याच्या तोंडाशी ती ओणवी, चोचीत जरीचा धागा, मान किंचित वळलेली. हे तो बघून म्हणाले, "चिमणी आहे वाटतं," आणि गिऱ्हाइकांचे फोटो कापायला लागले. मी ती निगेटिव्ह कागदात गुंडाळून ठेवली. पुढे पिलं उडाली आणि पावसात ते घरटंही गळून पडलं.

गणपतीच्या थोडं आधी हे एक कागद घेऊन आले. शहरात नोकरदार मराठी लोकांचं एक मंडळ होतं. बँकेतले, सरकारी कचेरीतले, शाळा-कॉलेजातले लोक. त्यांच्या गणेशोत्सवात फोटोंची स्पर्धा होती आणि विषय होता आपल्या सुरत परिसरातले पक्षी. फोटो स्वतः काढलेला पाहिजे, एवढी अट.

या मंडळाचं यांना फार होतं. ते लोक आमच्याकडे पासपोर्टला यायचे आणि लग्नकार्याला दुसऱ्याला बोलवायचे. यांच्याशी बोलताना "अहो स्टुडिओवाले" म्हणायचे. त्यांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचे फोटो आपण काढावेत, अशी यांची इच्छा होती. त्यासाठी यांनी गाळ्यात अहिराणी बोलणं बंद केलं होतं. "आहे", "नाही", "कृपया" असं बोलायचे. घरी आले की दोन घास खाईपर्यंत तेच चालायचं, मग सुटायचं.

"ती चिमणी कुठे आहे?" हे म्हणाले.

मी काढून दिली. यांनी ती बल्बसमोर धरली. "चांगली आहे. पण हा परकर? हे चिमटे? मागे पोपडे निघालेली भिंत. हे काय मंडळात न्यायचं? जरा सुधार."

सुधारणं हे माझं कामच होतं. मी निगेटिव्हवर पाखराच्या कडेनं लाल रंग भरला. असा रंग भरला की त्या भागातून उजेड जात नाही आणि कागदावर तिथे कोरं पांढरं येतं. भिंत गेली, चिमटे गेले, परकर गेला. घरट्यातून लोंबणाऱ्या कागदाच्या पट्ट्या गेल्या. कागदावर मोठा फोटो छापला आणि मग त्याच्यावर फोटोचे रंग चढवायला घेतले. मागे आकाश दिलं. तार उरली होती, तिची फांदी केली, फांदीला पानं आणि एक लाल फूल. स्टुडिओतल्या पडद्याच्या कडेला तसं फूल होतंच, हात बसलेला होता. डोळ्यात पांढरा ठिपका दिला. तोवर सगळं ठीक होतं. हे मागे येऊन उभे राहिले.

"हिला रंगच नाही."

"नाहीये तिला."

"नवरा बघ कसा चमकायचा. तो रंग दे."

नवरी सावळी असली तर आम्ही काय करायचो ते सांगितलंच आहे. यात वेगळं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही. मी तिच्या अंगावर निळा चढवला, त्यावर जांभळा, गळ्याशी थोडी चमक. घरट्याच्या दाराशी बसलेली ती अगदी साजरी दिसायला लागली. मावशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "काय व माय, पाखराले नवरी करी टाकं तुनी!" हे लांबून, जवळून बघून म्हणाले, "आता फोटो वाटतो."

मागे नाव यांचं घातलं. ते विचारायचा प्रश्न नव्हता, आणि मलाही सुटल्यासारखं झालं. माझं नाव घातलं असतं तर कदाचित मला तिथे जावं लागलं असतं.

प्रदर्शन लागलं त्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि अपेक्षेपेक्षा लवकर परत आले. शर्ट न काढता भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं, ते तसंच बाजूला ठेवलं. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर परीक्षक होते. त्यांनी फोटो बघून यांना चारचौघांत विचारलं, हा फोटो कुठे काढला?

"घरी," हे म्हणाले.

"घरी? ही फांदी कशाची आहे?"

यांना सांगता येईना. ती कशाची आहे ते मलाही सांगता आलं नसतं, मी ती पडद्यावरून घेतली होती.

"अहो, हा शिंजीर नर आहे," सर म्हणाले. "शिंजिराचा नर घरटं विणत नाही. जगात कुठेच विणत नाही. तुम्ही दोन कॅलेंडरं कापून हे जोडलेलं आहे. एकातला पक्षी, दुसऱ्यातलं घरटं. बरं, चोरायचं तर निदान जोडी तरी बरोबर लावायची."

लोक हसले. त्यात आमच्याकडे पासपोर्ट काढलेले बरेच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बक्षिसं द्यायची होती. त्या वेळी दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून दिल्याबद्दल या स्पर्धकाचं नाव बाद केलं आहे, असं मांडवात सांगायचं त्यांनी ठरवलं. पुढच्या लोकांना धडा म्हणून.

हे एवढं यांनी सांगितलं. मंडळाच्या कामाचा नाद तिथेच संपला होता. भीती दुसरी होती. आमची खरी कमाई लग्नाच्या फोटोंची, आणि लग्नाचा फोटोग्राफर नावावर चालतो. एकदा लग्न लागून गेलं की फोटो परत काढता येत नाही, म्हणून लोक भरवशाचा माणूस बघतात. त्या मांडवात लिंबायतची निम्मी माणसं गणपती बघायला जाणार होती. उद्या माईकवरून चोर म्हटलं की परवा आमच्या गाळ्यात कोण येणार होतं? आणि एक गोष्ट तर अशी की यांनी चोरी केलीच नव्हती. फोटो घरचा, पाखरू घरचं. आम्ही ते इतकं सुधारलं होतं की त्यात आमचं म्हणून काही ओळखायला उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "निगेटिव्ह धुता येईल."

यांनी मान वर केली.

"लाल रंग पाण्यानं जातो. पेन्सिल पुसता येते. सगळं खाली तसंच आहे. तार, चिमटे, भिंत."

"आणि परकर?"

"परकर पण."

हे उठले. शुद्ध भाषा उंबऱ्याबाहेर राहिली. "लोके काय म्हनतीन? बायकोना परकर मांडवमा टांगा! गनपतीना मांडवमा! चोर म्हनतस ते म्हनू दे!" मग इस्त्रीचा शर्ट तसाच अंगात ठेवून गाळ्यावर निघून गेले.

रात्रभर मी याचा विचार केला असं लिहायला पाहिजे, पण मी दिवसभराची दमलेली होते, झोपले. सकाळी हे न बोलता डबा घेऊन गेले. भांडी घासताना माझ्या मनात आलं, हे म्हणतात परकर बायकोचा, म्हणजे लाज यांची. मग मी माझ्यापुरता विचार करून बघितला. माझी लाज म्हणजे काय होतं, तर लोक माझ्याकडे बघतील. परकराकडे बघतील तेव्हा माझ्याकडे कोणी बघणार नाही, असं मला वाटलं. हा विचार तितकासा बरोबर नव्हता, पण त्या वेळी उपयोगी पडला.

दुपारी मी निगेटिव्ह पाण्यात सोडली. लाल रंग सुटून वाटीत उतरला. पेन्सिल कापसानं पुसली. खिडकीला ब्लँकेट लावून मोठा कागद छापला. औषधाच्या पाण्यातल्या कागदावर गडद असतं ते आधी उमटतं. सगळ्यात आधी परकर उमटला. त्याचं ठिगळ, नाडी, नाडीची गाठ. मग तार, चिमटे, भिंतीचे पोपडे. सगळ्यात शेवटी, अगदी फिकट, ती. मोठ्या कागदावर नाडीचं टोक आणि पाखरू जवळजवळ सारख्याच आकाराची दिसत होती.

एकटीनं जायची हिंमत नव्हती. मावशींना सांगितलं. त्यांनी फोटो बघितला आणि टिकल्यांचं ताट बाजूला सारलं.

"परकरच शे ना? काय चोरी करेल शे का? चाल."

फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही रिक्षानं रेल्वेच्या गरनाळ्याखालून मंडळाच्या हॉलवर गेलो. गणपतीचा मांडव त्याच्याच अंगणात होता. दारात चपला काढताना मला वाटलं, परत घालाव्यात आणि निघावं. मावशींनी माझा दंड धरला होता.

सर टेबलापाशी बसून बक्षिसांची नावं बघत होते. उंच, सडपातळ, बोलण्यात अगदी सौम्य. मी वर्तमानपत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि मागे सरकले. त्यांनी ते उलगडलं. आधी त्यांना काय बघायचं ते कळेना. मग खिशातून भिंग काढलं आणि घरट्यावर धरलं.

"हा तोच फोटो," ते स्वतःशीच म्हणाले. "तीच मान, तोच धागा." मग माझ्याकडे बघून, "ही मादी आहे, वहिनी."

मी मान हलवली.

"मग तो जांभळा रंग?"

"तिला रंग नव्हता," मी म्हटलं.

"म्हणून तुम्ही दिलात?"

"सगळ्यांनाच देतो."

भिंग तसंच घरट्यावर होतं. "यात कागदाच्या पट्ट्या आहेत. जरीचा धागा पण आहे. असं घरटं मी पाहिलेलं नाही. हे कोणी काढलं?"

मी खाली बघत होते. उत्तर एका अक्षराचं होतं, पण ते बाहेर येईना.

"हिनीच काढेल शे," मावशी म्हणाल्या, "फोटू बी हिना, आनि परकर बी हिनाच शे."

हॉलमध्ये खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. सरांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनाही आता दुसरं कुठे बघावं ते सुचत नव्हतं, ते पंख्याकडे बघून म्हणाले, "हाच फोटो आधी का नाही दिलात?"

मावशींनी माझा दंड सोडला.

सर मात्र न्यायाला चुकले नाहीत. मांडवात काही सांगायचं नाही, उलट हा खरा फोटो त्या सुधारलेल्या फोटोच्या जागी लावायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. नाव बदलायचं का, असं त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. ती कशी हलवली ते त्यांना नीट कळलं नसावं, कारण चिठ्ठीवर त्यांनी यांच्या नावाआधी नुसतं 'श्री. व सौ.' एवढं करून घेतलं.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. महिला विभागाच्या एक बाई होत्या, मोठ्या घरच्या, आवाज कडक. त्या म्हणाल्या, "देवासमोर हे चालणार नाही." सर म्हणाले, "पण बाई, पुरावा तोच आहे." थोडी वादावादी झाली. शेवटी बाईंनी मखराच्या सजावटीतला सोनेरी कागद आणला, त्याची पट्टी कापली आणि परकरावर चिकटवली. वरच्या कडेलाच डिंक लावला, म्हणजे फोटो खराब व्हायला नको. माझा फोटो सुधारण्याची तेवढी एक बाजू राहिली होती, तीही पुरी झाली.

संध्याकाळी हे मांडवात आले. कोणीतरी गाळ्यावर जाऊन निरोप दिला असणार. मी बायकांच्या बाजूला, खांबाआड उभी होते. आमच्या फोटोसमोर गर्दी होती. प्रत्येक जण यायचा, पाखरू बघायचा, सोनेरी पट्टी बघायचा, इकडेतिकडे बघून बोटानं ती पट्टी उचलायचा, खाली डोकावायचा आणि परत ठेवायचा. बायका उचलायच्या, पुरुष उचलायचे, ज्यांनी गणपतीला अजून नमस्कार केला नव्हता तेही उचलायचे. बक्षिसं वाटून होईपर्यंत पट्टीचा सोनेरी रंग बोटांनी निघून गेला होता. पहिलं बक्षीस पिंजऱ्यातल्या एका पोपटाला मिळालं. पोपट सुरत परिसरातलाच होता, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. यांचं नाव माईकवरून कोणीच घेतलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

हे फोटोसमोर गेले. पट्टी उचलली नाही. ती तिरकी कापली होती, तिच्या तिरक्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि बाहेर आले. घरी जाताना रिक्षात मावशी मध्ये बसल्या होत्या. त्याच एकट्या बोलत होत्या.

पुढे काही दिवस यांचं माझ्याशी बोलणं कामापुरतं. मीठ पाहिजे, कागद संपला, एवढंच. चोर हा शब्द लिंबायतमध्ये पोचला नाही. पोचला तो दुसराच शब्द. पानाच्या गादीवर यांना कोणीतरी "काय परकरवाले" म्हणून हाक मारली, तेव्हा हे पान न खाता परत आले. मग रिक्षावाले म्हणायला लागले. भेस्तानपर्यंत गेलं म्हणे. यांनी गाळ्यावर पुन्हा शुद्ध बोलायला सुरुवात केली, पूर्वीपेक्षाही जास्त शुद्ध. मंडळाचं काम त्या वर्षीही दुसऱ्यालाच गेलं. मी घरी फोटो सुधारत राहिले. मला वाटायचं, मी यांचं नाव वाचवायला गेले आणि वाचवलं ते नाव कोणी घेईना, भलतंच घ्यायला लागले.

दिवाळी होऊन लग्नाचे दिवस आले. यंदा कोणी येतं की नाही ही धाकधूक होती, ती आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो. एका दुपारी मी यांचा डबा घेऊन गाळ्यावर गेले होते. हे जेवायला बसले होते, मी पडद्याआड आणखी भाजी काढत होते. दारात एक गृहस्थ आले. डोक्याला टोपी, हातात पत्रिकांची पिशवी, बोलण्यावरून आमच्याच बाजूचे.

"तो परकरवाला फोटोग्राफर तुम्हीच का?"

भाजी काढता काढता माझा हात थांबला. ते गृहस्थ म्हणाले, "मुलीचं लग्न आहे. लोक म्हणतात, तुमच्या फोटोत जे असतं ते खरंच असतं. परकरसुद्धा. म्हणून आलो."

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. यांनी हातातला घास ताटात परत ठेवला, बोटं निपटली, बसल्या जागी शर्टाची कॉलर नीट केली.

"हो, बोला," हे म्हणाले. "कुठली तारीख?"